शनिवारची पोटदुखी

लेक तेव्हा तिसरीत होती. मी तिला घेऊन माझ्या आईकडे राहायला आले होते, तिचे बाबा जुन्याच घरी होते. एक शनिवार सोडून एक शनिवार ती त्यांच्याकडे जायची आणि त्या दिवशी सकाळी न चुकता तिचं पोट दुखायचं. अगदी घामाघूम व्हायची. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, लघवीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. काही निघालं नाही.

मी माझ्यापुरतं उत्तर ठरवून टाकलं होतं: तिला बाबाकडे जायचं नाही. एका वहीत तारखा लिहायला लागले. कुठल्या शनिवारी किती वाजता दुखलं, उलटी झाली का, रडली का. ही वही न्यायालयात दाखवायची असं मनात होतं. ताबा माझ्याकडेच राहावा यासाठी मी काहीही करायला तयार होते. वकिलांनी आधीच सांगितलं होतं की पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, असं 1956 चा कायदा म्हणतो, पण आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तिचं हित कशात आहे हेच बघितलं जाईल. मला वाटायचं, हित म्हणजे मी.

कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशकांकडे पाठवतात. तिथल्या बाईंपुढे मी वही ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "रविवारी संध्याकाळी परत येताना दुखतं का?"

मला माहीत नव्हतं. पुढच्या भेटीत त्यांनी तेच तिच्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, "दर रविवारी. चार वाजल्यापासून. मला वाटायचं तिला हिच्याकडे परत जायचं नाही."

त्यांनीही तारखा लिहून ठेवल्या होत्या, मोबाइलमध्ये.

दुखणं ना त्या घराचं होतं, ना या घराचं. ते सोसायटीच्या फाटकाचं होतं. तिथे आम्ही दोघं समोरासमोर यायचो. "उशीर झाला", "फीचे पैसे कधी देणार", "स्वेटर का नाही दिला" असं सगळं तिच्या डोक्यावरून चालायचं आणि ती दप्तराचा पट्टा पिळत मध्ये उभी असायची. आम्ही ओरडत नव्हतो, म्हणून भांडत नाही असं आम्हाला वाटत होतं.

तोवर तिला आम्ही नीट काही सांगितलंच नव्हतं. दाराआडून जे कानावर पडेल तेवढंच तिला माहीत. बाईंनी दोघांनी मिळून सांगायला लावलं. आदल्या दिवशी फोनवर वाक्यं ठरवली: आई-बाबा आता वेगळे राहणार, हे आम्ही मोठ्यांनी ठरवलंय, तुझं काहीही चुकलेलं नाही, तू दोघांचीही आहेस. जुन्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसून बोललो. तिने ऐकून घेतलं, उठली आणि दप्तरातून गणिताची वही घेऊन आली. पानंच्या पानं पाढे. दोन ते एकोणीस, मग पुन्हा दोनपासून. शाळेतल्या बाईंनी सांगितलेले नव्हते, हे तिने मनानेच लिहिले होते. "आता माझे चुकत नाहीत," म्हणाली.

मी घर सोडलं त्या रात्रीचं भांडण तिच्या गणिताच्या मार्कांवरून सुरू झालं होतं. कारण ते नव्हतं, पण सुरुवात तिथून झाली होती, आणि तिने तेवढंच ऐकलं होतं. पाच महिने ती पाढे लिहीत होती. तिच्या बाबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

त्यानंतर फाटक बंद केलं. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते. सुटल्यावर बाबा तिला शाळेतूनच घेतात आणि सोमवारी सकाळी शाळेतच सोडतात. आम्ही समोर येत नाही. पैसे, कपडे, औषधं यांबद्दल एकमेकांना थेट मेसेज करायचा, लेकीच्या तोंडून निरोप धाडायचा नाही. कंपासपेटी, टूथब्रश, रात्रीचे कपडे दोन्हीकडे वेगळे घेतले. इकडून तिकडे जाते ती फक्त आजीने शिवलेली गोधडी.

मला सगळ्यात जड गेलं ते सोमवारी संध्याकाळी गप्प राहणं. पूर्वी ती आली की मी प्रेमानेच विचारायचे, "काय जेवलात? कोण आलं होतं?" ती आधी माझा चेहरा बघायची, मग उत्तर द्यायची. मजा आली हे मला सांगताना ती आवाज बारीक करायची. आता मी पानं वाढते आणि थांबते. पहिले काही आठवडे ती काहीच बोलली नाही. मग एकदा वरणभात कालवताना आपणहून म्हणाली, "बाबाला भाकरी जमायला लागली." मी म्हटलं, "अरे वा." एवढंच, पण ते मनापासून म्हणायला मला बराच काळ लागला होता.

बाकी कायद्याचं लवकर उरकलं. आम्ही एकमेकांवरचे अर्ज मागे घेतले आणि परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते झालं होतं. अर्जानंतरचा सहा महिन्यांचा काळ काही परिस्थितीत माफ होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली म्हटलंय. आम्ही ती मागणी केली नाही. शनिवार-सोमवारची घडी तिच्या अंगवळणी पडते का, ते आम्हाला बघायचं होतं.

पोट दुखायचं लगेच थांबलं नाही. आधी उलट्या थांबल्या, मग रविवारचं दुखणं गेलं, शनिवारचं सगळ्यात शेवटी.

गेल्या एप्रिलमध्ये एका रविवारी संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन आला. "पोट दुखतंय तिचं." माझ्या पोटात गोळा आला. तेवढ्यात तिनेच फोन ओढून घेतला. "आई, ते तसलं नाहीये गं. मी तीन कैऱ्या खाल्ल्या. तिखटमीठ लावून."

बाबांना ओवा सापडत नव्हता. मधल्या फळीवर, हिंगाच्या डबीच्या मागे बघा, मी सांगितलं. तिथेच होता.