तुम्ही विचारलंत म्हणून: मांजर व्यायला झालीये, काय करू?

आमच्या सोसायटीत मला मांजरवाल्या काकू म्हणतात, त्यामुळे वर्षातून पाच-सहा वेळा तरी रात्री अकराच्या सुमाराला फोन येतोच. "काकू, माऊ सारखी कपाटात शिरतेय, खात नाहीये, काय करू?" दर वेळी तेच सांगून आता तोंड दुखायला लागलंय म्हणून एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पाठवून देईन.

पहिलं उत्तर कोणालाच आवडत नाही. काही करू नका. एक मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या, आत जुनी सुती साडी नाहीतर पातळ चादर घाला (टर्किश टॉवेल नको, पिल्लांची नखं त्या धाग्यांत अडकतात), अंधाऱ्या शांत कोपऱ्यात ठेवा, शेजारी पाणी, आणि लाइट घालवून लांब बसा. शेजारच्या पोरांना "या बघायला" म्हणून गोळा करू नका, घाबरली तर कळा थांबू शकतात.

तारखेचं म्हणाल तर मांजर साधारण ६३ ते ६५ दिवसांनी विते, पण बोका कधी येऊन गेला हे कोण लिहून ठेवतं? थर्मामीटर लावला तर अंगाचं तापमान शंभर फॅरनहाइटच्या खाली गेलेलं दिसतं आणि मग बहुतेक एका दिवसात ती विते, हे अगदी खरं आहे, पण तो थर्मामीटर तोंडात लावत नाहीत हे लक्षात घ्या. मी एकदा लावायला गेले तर आमच्या मांजरीने, चिंगीने, अंगठा फोडला. त्यापेक्षा खोक्यात उकरायला लागली, धापा टाकायला लागली की समजायचं.

चिंगीचं दुसरं बाळंतपण मी पूर्ण पाहिलं. रात्री अडीचला पहिलं पिल्लू, वीस मिनिटांत दुसरं, पायाकडून. पायाकडून आलं म्हणून घाबरू नका, मांजरात ते नेहमीचंच. ती दुसऱ्याला चाटत होती तेवढ्यात तिसरं सरकन बाहेर आलं, पिशवीसकट, पाण्याने भरलेली छोटी कॅरीबॅग असते ना तसं, आणि हिचं लक्षच नाही. मी घड्याळाकडे बघत बसले. एक मिनिट गेलं. आत पिल्लू तोंड उघडतंय हे दिसत होतं. मग मात्र हात घातला, नाकापाशी चिमटीत धरून पिशवी फाडली, नाक-तोंड पुसलं, डोकं थोडं खाली धरून सुती नॅपकिनने पाठ चोळत राहिले, जोरात, आपल्याला भीती वाटेल इतक्या जोरात. बराच वेळ काही नाही आणि मग एकदम "चिक्". सासूबाई मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "बाई गं, रडलं." नाळ चिंगीने तोडलीच नव्हती, तर पोटापासून दोन बोटं सोडून उकळून ठेवलेल्या शिवणाच्या दोऱ्याने घट्ट बांधली आणि पलीकडून कापली. नाळ ओढायची नाही, पोटाला ताण बसून हर्निया होतो.

वार, म्हणजे पिल्लामागून पडतो तो नाळेचा गोळा, मोजायचं काम सासूबाईंकडे. जितकी पिल्लं तितक्या वारा पडल्या पाहिजेत, आत राहिली तर ताप येतो, घाण वासाचं जायला लागतं. "पिल्लं चार, वारा तीनच," असं त्या पहाटेपर्यंत म्हणत होत्या, चौथी चिंगीने आमच्या समोरच खाल्ली होती पण त्यांनी तेव्हा तोंड फिरवलं होतं. वार खाते ते खाऊ द्या, पण सगळ्याच खाल्ल्या तर जुलाब होतात, एक-दोन उचलून टाकलेल्या बऱ्या.

डॉक्टरांना कधी उठवायचं? जोरात कळा देतेय आणि वीस-तीस मिनिटं झाली तरी पिल्लू नाही. पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलंय. लालभडक रक्त वाहतंय. पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवट पाणी गेलं. यातलं एकही झालं तर मला फोन करू नका, रिक्षा बोलवा. मधेच तासन्‌तास थांबली, पण शांतपणे पिल्लांना पाजत पडलीये, जेवतेय, तर थांबू द्या, काही मांजरी उरलेली पिल्लं दुसऱ्या दिवशीसुद्धा देतात.

आता खरं जे सांगायचंय ते. चिंगीच्या पहिल्या वेळी जानेवारी होता, नाशिकची थंडी तुम्हाला माहितीये. सकाळी उठले तर एक पिल्लू खोक्याबाहेर फरशीवर, हाताला फ्रिजमधल्या टोमॅटोसारखं गार. मला वाटलं उपाशी आहे, म्हणून दूध कोमट करून ड्रॉपरने थेंब थेंब पाजलं, प्यायलंही थोडं, मला इतकं बरं वाटलं. दुपारी ते गेलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही, दूध तसंच पडून राहतं नाहीतर छातीत जातं. त्याला भूक नव्हती, थंडी होती. नवजात पिल्लाला आपल्यासारखं कुडकुडताही येत नाही, ऊब फक्त आईची आणि भावंडांची.

तर गार पिल्लू सापडलं की आधी स्वेटरच्या आत, अंगाला लावून घ्या, तास-दोन तास लागले तरी चालतील, घाई करून हीटरसमोर धरू नका. करंगळी तोंडात घालून बघा, आतून गरम लागलं आणि चोखायला लागलं की मगच दूध. तेही शक्यतो आईचंच, कारण पहिल्या दिवसाचा चीक दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. आई नसेलच तर पेट शॉपमध्ये पिल्लांची दूध पावडर मिळते, गायीचं दूध नाही, त्याने जुलाब लागतात. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आणि पिल्लाला पालथंच ठेवून. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलंत तर दूध फुप्फुसात जाईल. पाजून झालं की ओल्या कापसाने खालून पुसायचं, त्याशिवाय त्यांना शी-शू होतच नाही, पहिले तीन आठवडे हे काम आई जिभेने करते.

दुसऱ्या वेळी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि वहीच घातली. तिसरं, तेच पिशवीतलं, ८४ ग्रॅम, बाकीची शंभरच्या आसपास. दोन काळी तर सारखीच दिसायची म्हणून एकाचे शेपटीवरचे थोडे केस कातरले. रोज दहा ग्रॅम तरी वाढलं पाहिजे. एक दिवस वाढ नाही म्हणजे लक्ष ठेवा, वजन घटलं म्हणजे डॉक्टर. तिसऱ्याला भावंडं ढकलून द्यायची, तर मी दिवसातून चार वेळा त्याला मागच्या सडाला लावायचे, तिथे दूध जास्त असतं, आणि पाच-सहा दिवसांनी ते स्वतःच तिकडे सरपटत जायला लागलं.

मांजर सात घरं फिरवते म्हणतात, आमच्याकडे दोनच झाली. सासूबाईंनी सुवेर म्हणून त्या कोपऱ्यात फिनाइल टाकून फरशी पुसली, संध्याकाळपर्यंत चारही पिल्लं त्यांच्याच साड्यांच्या कपाटात, पैठणीवर. हसू आलं, पण फिनाइल, डेटॉल मांजरांना विषारी असतं, पायाला लागतं आणि चाटलं जातं. साबणाचं पाणी पुरे. आणि बाळंतिणीला दुप्पट खायला द्या. तिसऱ्या आठवड्यात वगैरे ती थरथरायला लागली, पाय ताठ झाले तर कॅल्शियम कमी झालंय, तेव्हा रात्र आहे म्हणून थांबायचं नाही.

डोळे आठ-दहा दिवसांनी उघडतात, आपण बोटांनी उघडायचे नाहीत. महिन्याभराने मऊ खाणं, वाळूचा ट्रे, हे ती आईकडे बघून शिकतात, तुम्हाला फक्त पसारा आवरायचाय. दोन महिन्यांच्या आत पिल्लू कोणालाही देऊ नका, कितीही गोड बोलून मागितलं तरी.

पिल्लं पीत असतानाच मांजर परत गाभण राहू शकते, हे मला माहीत नव्हतं. दुसरं बाळंतपण झालं ते त्याचमुळे, बाल्कनीचं दार उघडं राहिलं होतं. आता पिल्लांचं दूध सुटल्यावर तिचं ऑपरेशन करून घेतलंय. तीन पिल्लं दुसऱ्यांच्या घरी गेली, पिशवीतलं आमच्याकडे राहिलं, आणि ते पैठणीच्याच कपाटात झोपतं, सासूबाई आता काही बोलत नाहीत.