इंजिन दुसऱ्या वर्गात असतं

स्वित्झर्लंडमध्ये आठवडाभर फक्त बोटीने आणि ट्रेनने फिरायचं ठरलं, तेव्हा आत्याची अट एकच होती: कुठेही धावायचं नाही. ही अट त्या देशात पाळणं महाकठीण. बोट धक्क्याला लागते, समोरच डोंगरावर चढणारी गाडी उभी असते, आणि मधल्या सात-आठ मिनिटांत सगळे प्रवासी इकडून तिकडे जातात. पुस्तकात वाचताना हे फार कौतुकाचं वाटतं. प्रत्यक्षात हातात पाण्याची बाटली, खांद्यावर स्वेटर आणि मागे "अगं थांब की" म्हणणारी आत्या असली, की त्या अचूकपणाचा रागच येतो.

लुझर्नला मात्र धावायची गरज नव्हती. स्टेशनातून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडेच धक्का. या सरोवरावर वाफेच्या पाच बोटी अजून चालतात. सगळ्यांत जुनी 'उरी', १९०१ ची. सगळ्यांत नवी 'श्टाट लुझर्न', तीही १९२८ ची. आम्हाला 'उरी' मिळाली. आमचा स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे ट्रेन-बोटींना चालणारं एकच तिकीट, दुसऱ्या वर्गाचा, म्हणजे खालचा डेक. वरचा डेक पहिल्या वर्गाचा. तिथून डोंगर चांगले दिसणार, हे न सांगताही कळत होतं, आणि मी पैसे वाचवल्याचं मला जिन्यापाशी उगाचच वाईट वाटत होतं.

आत्याने वर पाहिलंच नाही. डेकच्या मधोमध एक मोठी चौकोनी मोकळी जागा असते, भोवती कठडा, आणि खाली बघितलं तर बोटीचं अख्खं इंजिन उघडं. दोन सिलिंडर, एक लहान, एक चांगलाच मोठा. वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये काम करते, तिथून उरल्यासुरल्या जोरावर मोठ्यात जाते. त्यांचे चकचकीत दांडे पुढेमागे होतात, एक जाडजूड आस फिरवतात, आणि त्या आसाच्या दोन टोकांना, बोटीच्या दोन्ही कुशींत, पाणी कापणारी चाकं. बॉयलरमध्ये पूर्वी कोळसा जाळत, आता तेल जाळतात. बाकी कारभार सगळा जुनाच. विंटरथूरच्या झुल्त्सर कारखान्यात बनलेलं हे यंत्र एवढ्या मोठ्या बोटीला ढकलतं, आणि आवाज म्हणाल तर फक्त एक संथ धाप.

आत्या चाळीसेक वर्षं शिवणकाम करत आली आहे. कठड्यावर दोन्ही कोपरं टेकवून तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "एकही टाका चुकत नाही बघ."

मी म्हटलं, छान. चल आता बाहेर.

ती काही हलली नाही. वेगिस गेलं, फित्स्नाऊ गेलं, गेर्साऊ गेलं. ब्रुनेननंतर सरोवर काटकोनात वळतं आणि दोन्ही बाजूंचे कडे एकदम जवळ येतात. या सबंध प्रवासातला तोच सगळ्यांत देखणा भाग. रुट्लीचं कुरण आलं. उरी, श्विझ आणि उंटरवाल्डन या तीन प्रांतांच्या लोकांनी १२९१ मध्ये इथेच एकजुटीची शपथ घेतली, असं परंपरा सांगते. मी आत जाऊन तिला हाका मारल्या. "तू बघ आणि मला सांग," ती म्हणाली. खरं सांगते, मी चिडले. इतक्या लांब, इतके पैसे खर्चून यायचं आणि यंत्राकडे बघत बसायचं? तेवढ्यासाठी हा देश कशाला लागतो?

चिडूनच मी तिच्याशेजारी उभी राहिले, आणि मग मला ते दिसलं. खाली इंजिनवर काम करणारा माणूस, पन्नाशीचा, बाह्या दुमडलेल्या, हातात लांब चोचीची तेलाची किटली. एरवी लोक येतात, फोनवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घेतात आणि जातात. ही बाई मात्र दीड तास जागची हललेली नाही, हे त्याच्या ध्यानात आलं असावं. धक्का जवळ आला की वरून कप्तानाचा हुकूम यायचा. तो माणूस आधी मान वर करून आत्याकडे बघायचा, एक बोट उभं करायचा, आणि मगच लिव्हर ओढायचा. दांडे थांबायचे. क्षणभराने सगळं उलटं फिरू लागायचं. आत्या मान डोलवायची. म्हणजे तो तिला दर धक्क्याला दाखवत होता: बघा हं, आता.

त्याला तिथून धक्का दिसत नाही. पाणीही दिसत नाही. कप्तानाला इंजिन दिसत नाही. एकाने सांगायचं, दुसऱ्याने करायचं, आणि शेकडो माणसांनी भरलेली बोट लाकडी धक्क्याला हलकेच टेकवायची. मी नंतरचे तीन धक्के तिथेच उभी होते. दंतकथेतल्या विल्यम टेलची चॅपल कधी मागे पडली, मला कळलंच नाही. फ्लुएलेनला उतरताना त्याने आत्याला हात केला, आणि तिने त्याला नमस्कार. ना तिला जर्मन येत, ना त्याला मराठी. अडलं कुणाचंच नाही.

लुझर्न ते फ्लुएलेन बोटीला तीन तासांच्या आसपास लागतात. ट्रेनने हेच अंतर तासाभरात होतं.

त्यानंतर रिगी डोंगरावर गेलो. फित्स्नाऊहून वर जाणारी दातेरी रुळांची ही गाडी १८७१ ची, युरोपातली पहिली पर्वतीय रेल्वे. वर ढग. रिगी कुल्म, म्हणजे माथा, १,७९८ मीटरवर आहे, असं तिथल्या फलकावर वाचलं. फलक मात्र स्पष्ट दिसला. मग पिलाटुस डोंगर. तिथल्या दातेरी गाडीला पास असूनही अर्धं तिकीट काढावं लागतं, आणि चढ ४८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना अठ्ठेचाळीस मीटर वर. एवढ्या चढावर उभे दात असते तर चाक त्यांच्यावर चढून निसटलं असतं, म्हणून लोखर नावाच्या अभियंत्याने दात आडवे केले आणि चाकं दोन्ही बाजूंनी त्यांत अडकवली. आत्याने हे सगळं डोळे मिटून ऐकलं.

ब्रुनिग घाट ओलांडून इंटरलाकेनला आलो. घाट सुंदर, लुंगेर्नचं तळं खिडकीतून अचानक खाली दिसतं तेव्हा डब्यातले सगळे एका बाजूला झुकतात. इंटरलाकेन मला आवडलं नाही. गर्दी, घड्याळांची दुकानं, आणि गटाने फिरणारे आपलेच लोक, ज्यांच्या मार्गदर्शकाने प्रत्येक ठिकाणी "वीस मिनिटं" असं ओरडून सांगायचं कंत्राट घेतलेलं असतं. यश चोप्रांचा पुतळाही आहे तिथे. पाहिला.

ब्रिएन्झच्या सरोवराचं पाणी फोटोत खोटं वाटतं तसंच प्रत्यक्षातही वाटतं. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठ नद्यांतून येतं, पाण्यात तरंगत राहतं, आणि त्याने तो दुधी हिरवट-निळा रंग येतो. इझेल्टवाल्ड गावात एका कोरियन मालिकेमुळे प्रसिद्ध झालेला लाकडी धक्का आहे. त्यावर जायला फिरतं फाटक आणि पाच फ्रँक. फाटक कशासाठी, हे समोरची रांग पाहून समजलं. लोक पाच फ्रँक देऊन सरोवराकडे पाठ करून उभे राहत होते. आम्ही बोटीतूनच पाहिलं.

शेवटी थूनचं सरोवर. तिथली वाफेची बोट 'ब्लुमलिसाल्प' १९०६ ची. १९७१ मध्ये तिला निवृत्त करून एका कोपऱ्यात बांधून ठेवली होती. बोटीच्या चाहत्यांनी पिच्छा पुरवला आणि १९९२ मध्ये ती पुन्हा पाण्यात धावू लागली. "वीस वर्षं पडून होती?" आत्याने दोनदा विचारलं. इथेही इंजिन खाली, दुसऱ्या वर्गात. कठड्याभोवती शाळकरी पोरांची झुंबड होती. आत्याने त्यांतून कोपराने वाट काढली, मला जरा लाजच वाटली.

ही बोट सरोवर संपल्यावर एका कालव्यात शिरते आणि थेट इंटरलाकेन वेस्ट स्टेशनाशेजारी येऊन थांबते. तिथून गाडी बदलून लाउटरब्रुनेनचे धबधबे बघायचे, असा माझा बेत होता. उतरताना आत्याने विचारलं, ही बोट परत थूनला जाते का, आणि आपला पास चालतो का.

दोन्हींचं उत्तर हो होतं. धबधबे राहिले.