तीन अधिक दोन

दुपारी चारच्या सुमारास बापलेक फोंड्यातल्या माझ्या ऑफिसात आले, मुलाचा फुटबॉल क्लबशी व्हायचा करार दाखवायला. वाळपईकडचे. मुलगा सतरा वर्षांचा, डाव्या पायाचा विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणारा. वडिलांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले.

"बाई, सही कुठं करायची तेवढं सांगा. पाच वर्षांची नोकरी लागली पोराला."

ते खाणीवर स्वतःचा ट्रक चालवायचे. २०१८च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या, मार्चमध्ये खाणी थांबल्या आणि ट्रक कर्जासकट दारात उभा राहिला. अशा माणसाला पाच वर्षांचा पगार लिहून मिळत असताना मुदत कमी करून मागा म्हणायला माझी जीभ जड झाली.

पण अकरावं कलम दोनदा वाचलं. करार तीन वर्षांचा, पुढची दोन वर्षं वाढवायची की नाही ते फक्त क्लब ठरवणार, पगार तोच, आणि क्लबनं कळवायची मुदत थेट शेवटच्या दिवसापर्यंत.

मी मुलाकडे वळले. त्याला समजायलाच हवं होतं. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमाप्रमाणे कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो. मुदत संपली की तो मोकळा, त्याच्यासाठी कुणाला जुन्या क्लबला ट्रान्सफर फी मोजावी लागत नाही. युरोपात हे बोसमान नावाच्या खेळाडूच्या खटल्यातल्या १९९५च्या निकालानं झालं. त्याआधी करार संपल्यावरही जुना क्लब पैसे मागायचा आणि खेळाडू अडकून पडायचा. म्हणून मुदत संपत आली की क्लब हलतो, एकतर पगार वाढवतो नाहीतर वेळेत विकतो. खेळाडूच्या हातात जोर येतो तो याच काळात. इथं मात्र क्लब शेवटच्या दिवशी "अजून दोन वर्षं" म्हणू शकत होता. मग त्या सहा महिन्यांत दुसरं कोण बोलणी करायला येणार?

"आणि गुडघा गेला तर?" वडिलांनी विचारलं. रास्त प्रश्न होता. करार चालू असला तर पगार चालू राहतो, लांब मुदतीचा खरा आधार तोच. पण ही दोन वर्षं तशी नव्हतीच. गुडघा गेला तर क्लब ती वाढवणार नाही, पोरगा चमकला तर वाढवणार. आधाराची वर्षं तीनच होती, पुढची दोन क्लबच्या सोयीची.

क्लबच्या माणसाला फोन लावला. अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करार फिफा मानत नाही, हे सांगितलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मग थांबूया की. चार महिन्यांनी तो अठराचा होतो, तेव्हा सरळ पाचांचा करू."

फोन स्पीकरवर होता. वडिलांचा चेहरा उतरला. चार महिने म्हणजे चार पगार, आणि तोवर दुसरा कुणी विंगर मिळाला तर हेही गेलं.

"आम्ही घडवायचं आणि तो फुकट जायचा?" असंही क्लबच्या माणसानं विचारलं. त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, पण पुरतं फुकट जात नाही. पोरगा उद्या परदेशात गेला आणि त्याच्यासाठी फी मोजली गेली, तर १२ ते २३ वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांना त्यातले पाच टक्के वाटून मिळतात. प्रशिक्षणाचा मोबदला वेगळा.

पाऊण तास घासाघीस झाली. शेवटी त्या दोन वर्षांचा ऑप्शन करारातून काढला गेला. बदल्यात पगार महिना पंचवीस हजारांचे बावीस झाले.

सुधारलेला कागद संध्याकाळी मेलवर आला. तो प्रिंट करताना वडील हलकेच म्हणाले, "म्हणजे महिन्याला तीन हजार गेले."

"गेले," मी म्हटलं.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. तो कागदावरच्या तारखेवर बोट ठेवून बसला होता, करार संपायच्या.

"तेव्हा मी वीसचा असेन ना?"

वडिलांनी खिशातलं पेन काढलं आणि पालकाच्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.