२५ मीटर आणि ७ मीटर: पाचव्या महिन्याची नोंद

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की पिस्तूल नेमबाजीत वेगाचा सराव वाढवल्यापासून २५ मीटरवरचा ग्रुप (कागदावर शॉटच्या छिद्रांचा पुंजका) पसरायला लागलाय. का पसरतोय ते या महिन्यात सापडलं.

आधी मी सगळा दोष ग्रिपवर टाकत होतो. प्रिसिजनला (सावकाश, अचूक नेमबाजीला) .२२ पिस्तूल एका हातात, बचावाच्या सरावाला ९ मिमी दोन्ही हातांत घट्ट, त्यामुळे हात गोंधळत असणार असं वाटायचं. मग माझ्यासोबत सराव करणाऱ्या मित्राने ९ मिमीचं मॅगझिन स्वतः भरलं आणि मधेच दोन डमी राउंड (न उडणारी नकली काडतुसं) घातले. कुठे, ते सांगितलं नाही. तिसऱ्या शॉटला नुसतं 'टक' झालं आणि नळीचं तोंड बोटभर खाली गेलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. झटका यायच्या आधीच मी मनगटाने तो दाबत होतो! बचावाच्या सरावात ७ मीटरवर, छातीएवढ्या लक्ष्यावर, ही चूक खपून जाते. २५ मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर टेन (मधलं दहा गुणांचं वर्तुळ) अवघा ५० मिमीचा. तिथे तीच चूक खाली डावीकडे आठात, सातात जाऊन बसते (मी उजव्या हाताने मारतो).

यावर सगळ्यात जास्त उपयोग झाला तो २५ मीटर पिस्तुल या स्पर्धाप्रकारातल्या रॅपिड (वेगाच्या) स्टेजचा. टार्गेट ७ सेकंद फिरलेलं, ३ सेकंद समोर, हात ४५ अंशांवरून वर आणायचा आणि एकच शॉट. टेन इथे १०० मिमीचा असतो. हात वर येतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घ्यायचा आणि फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची माशी) स्थिरावताना दाब न थांबवता वाढवत राहायचं. घाई हाताने करायची, बोटाने नाही. होल्स्टरमधून ड्रॉ करतानाही (पिस्तूल बाहेर काढतानाही) आता तेच करतोय, फक्त नळी लक्ष्याकडे वळल्याशिवाय बोट ट्रिगरवर जात नाही. यात तडजोड नाही.

सरावाचा क्रमही बदलला. आधी कोऱ्या भिंतीवर २० ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबणं, काडतुसं दुसऱ्या खोलीत), मग रेंजवर ३० सावकाश शॉट, मग ३ सेकंदांच्या मालिका, शेवटी ९ मिमी आणि टायमर. आणि निघण्यापूर्वी .२२ चे ५ सावकाश शॉट, कितीही दमलो असलो तरी. हे शेवटचे ५ मला फार मोलाचे वाटतात, वेगाच्या सरावात शिरलेली वाईट सवय तिथे लगेच कागदावर दिसते.

आकडे: ड्रॉपासून पहिला शॉट २.३ सेकंदांवरून १.९ वर. स्प्लिट (दोन शॉटमधला वेळ) ०.४० सेकंदांच्या आसपासच, त्यात फरक नाही. २५ मीटरवर ५ शॉटचा ग्रुप १४ सेंमीवरून ९ वर आला.

डमी राउंड आता दर आठवड्याला ठेवलेत. परवाच्या खेपेला दोनांपैकी एकावर नळी जागची हलली नाही, दुसऱ्यावर किंचित झुकली.