गळपट्टीवरचा गुलाबी डाग

डोंबिवलीत चौदा वर्षं मी घरीच पाळणाघर चालवते. सध्या सात मुलं आहेत. सकाळी आया मूल दारात देतात आणि फास्ट लोकल पकडायला पळतात. तेवढ्यात मी विचारून घेते: रात्री झोपलं का, शी झाली का, काय खाऊन आलं. बोलता बोलता माझा हात मुलाच्या मानेवर असतोच.

मागच्या सोमवारी दीड वर्षाच्या एका मुलीची मान गार लागली. "सगळं मस्त, काकू," म्हणत आई जिना उतरलीसुद्धा. अकराच्या सुमारास पोर खेळ सोडून माझ्या मांडीत येऊन मुटकुळं करून पडली. थर्मामीटर १०२ दाखवत होता.

माझ्याकडे प्रत्येक मुलाची औषधाची पिशवी असते, आत डॉक्टरांच्या हातचा डोस, वजनासकट. हे मी आजवर कधी चुकू दिलेलं नाही. पॅरासिटामॉल मापाच्या टोपणात ओतलं, तिला आडवं घेतलं, तर फ्रॉकच्या गळपट्टीवर वाळलेला गुलाबी डाग. वास घेतला. स्ट्रॉबेरी!

आईला फोन लावला. "सकाळी औषध दिलंस का गं?" पलीकडे शांतता. मग हळूच, "सव्वासातला. रात्रभर ताप होता."

"एकशेपंचवीसचं की अडीचशेचं?"

तिला माहीत नव्हतं. हेच सिरप पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५०चंही. चमचा तेवढाच, औषध दुप्पट. शिवाय दोन डोसांत किमान चार तास जायला हवेत आणि अजून पावणेचारच झाले होते. मी टोपण बाजूला ठेवलं.

बाबा त्या दिवशी घरूनच काम करत होते, हे तेव्हा कळलं. ते दहा मिनिटांत बाटली घेऊन आले. अडीचशेचं होतं. मुलीला ते तसेच डॉक्टरांकडे घेऊन गेले. वर्षभर त्यांचा नंबर माझ्या वहीत आहे, पण मी एकदाही लावला नव्हता. आपण सगळ्याच आईलाच फोन करतो.

संध्याकाळी आई आली ती रडतच. "ताप सांगितला असता तर तुम्ही घेतलंच नसतं, काकू. रजा संपल्यात माझ्या."

खरंच होतं. 'ताप असल्यास मूल आणू नये' ही पाटी माझ्याच दारावर होती. एकदा एकाचा ताप पाच जणांना लागला, तेव्हा लावलेली. २०१७पासून पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कचेऱ्यांना पाळणाघराची सोय करायला कायद्याने सांगितलंय. माझ्याकडे येणाऱ्या एकीच्याही ऑफिसात ती नाही. मग खोटं बोलायची वेळ येते ती त्या दारात उभ्या बाईवर.

त्या रात्री मी पाटी बदलली: 'औषध दिलं असेल तर कुठलं, किती, किती वाजता ते सांगा. मग ठरवू.'

शुक्रवारी दुसरी एक आई आली. "काकू, ताप आहे. सहा चाळीसला दिलंय, एकशेपंचवीसचं," म्हणत तिने बाटलीचा फोटोच दाखवला. मी मुलाला घेतलं, आतल्या खोलीत वेगळं झोपवलं. संध्याकाळी तिसऱ्या आईने तोंडावर विचारलं, "आणि आमच्या मुलांचं काय?" तिला द्यायला उत्तर मी अजून शोधते आहे.