सहा मीटरचा दांडा

उंचावरच्या फांद्या छाटायला दांड्याची करवत घेताना मी बघितली फक्त लांबी. एकात एक सरकणाऱ्या तीन अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, पूर्ण उघडल्या की सहा मीटर. आता झाडावर चढणं नको आणि शिडीही नको, म्हणून माझ्यासोबतचा पोरगाही खूश होता.

पहिलंच काम गुलमोहराचं निघालं. जमिनीपासून पाचेक मीटरवर, साधारण आठ सेंटीमीटर जाडीची फांदी वाटेवर झुकली होती. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, फांदी कधी मोडेल त्याचा नेम नाही. जवळ विजेची तार नव्हती, हे आधी बघून घेतलं. तार असती तर अ‍ॅल्युमिनियम बाहेरच काढलं नसतं. फायबरग्लासचा दांडा असला तरी तारेपासून तीन मीटर लांबच राहायचं.

ही करवत कापते ती ओढताना. पातं वाकडं, दात आपल्याकडे वळलेले; वर ढकलली की नुसती सरकते, खाली ओढली की चावते. दांड्याचं वजनही ओढीला हातभार लावतं, पण दांडा ताठ असेल तरच. माझा पूर्ण उघडलेला दांडा कोवळ्या बांबूसारखा डुलत होता. मी हातभर ओढायचो, वर पातं जेमतेम वीतभर हलायचं. बाकीची ओढ दांड्याचा बाक सरळ होण्यातच जायची.

खरी गोची पुढे झाली. जड फांदीला आधी खालून खाच द्यावी लागते, साधारण पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत, म्हणजे फांदी मोडताना साल ओढून नेत नाही. त्यासाठी पातं खालून वर दाबून धरावं लागतं. दाबलं की दांडा वाकायचा आणि पातं घसरायचं. चार वेळा प्रयत्न केला. मग म्हटलं, जाऊ दे, वरूनच कापू. वीस वर्षं हे काम करणारा माणूस मी, आणि असं म्हणालो!

निम्म्यापर्यंत गेलो असेन, तोच कडकन आवाज झाला. फांदी लोंबली, बुंध्यावरची साल हातभर लांब सोलत आली आणि फांदी थेट दांड्यावर आपटली. पिळून घट्ट करायची मधली कडी सुटली. वरची नळी सर्रकन खाली सरकली आणि पातं माझ्या हेल्मेटच्या कडेला घासून गेलं. पोरगा म्हणाला, "दादा, लागलं का?" लागलं नव्हतं. फांदीच्या बरोबर खाली उभं न राहण्याची सवय तेवढी त्या दिवशी मोडली नव्हती.

दुपारी गाडीतून जुना दांडा आणला. चार मीटरचा, लंबगोल नळीचा, खटक्याच्या पकडीचा. लंबगोल नळी ओढीच्या दिशेने कमी वाकते, आणि खटका बसला की नाही हे लांबूनही दिसतं. गंमत म्हणजे लांबीही पुरली. मूठ छातीशी धरली की चार मीटरचा दांडा, तिरका धरूनही, पाच मीटरवर पोचतो. हा हिशोब मी विकत घ्यायच्या आधी केलाच नव्हता.

उरलेल्या फांद्या नीट उतरल्या. बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून खाच, त्याच्या दोन-तीन बोटं पुढे वरून काप, मग राहिलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. पात्याच्या टोकाशी असलेला आकडा ओढ संपताना फांदीला अडतो, म्हणून करवत बाहेर निसटत नाही. नव्या करवतीला आकडाही होता, पण डुलत्या टोकावर आकडा काय करणार? सोललेल्या सालीच्या फाटक्या कडा तेवढ्या चाकूने साफ केल्या. त्यावर काही फासलं नाही, जखम झाडच कडेने भरत आणतं.

आता दुकानात दांडा पूर्ण उघडून उभा धरतो आणि हवेतच दहा वेळा करवत चालवतो. दुकानदार बघत राहतात.

नव्याचं पातं मात्र उत्तम होतं. ते काढून जुन्या दांड्यावर बसवायला गेलो, तर बोल्टची भोकं जुळेनात. शेवटी जुन्या दांड्याच्या डोक्यालाच दोन नवी भोकं पाडली.