मार्कडाउनच्या प्रीव्ह्यूत मराठी मजकूर कुठे फसतो

पऱ्हाटीच्या लागवडीचं अंतर ‘९०*६० किंवा १२०*४५ सें.मी.’ असं लिहिलं, की मार्कडाउन (साध्या मजकुरात चिन्हं टाकून मांडणी ठरवायची पद्धत) दोन्ही चांदण्या गिळून मधला मजकूर तिरका करतं. पानावर उरतं ‘९०६० किंवा १२०४५’. हे वाचून कोणी वावरात चौफुली पाडणार असतं, त्यामुळे ही चूक नुसती दिसण्यापुरती नाही. चांदणीऐवजी × हे चिन्ह टाका, नाहीतर चांदणीआधी \ द्या.

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं, तेव्हा नियम बरेच सैल होते. २०१४ मध्ये कॉमनमार्क या प्रमाण नियमावलीने ते काटेकोर केले. त्यात क्रमवार यादीसाठी फक्त इंग्रजी अंक चालतात. ‘१. बीजप्रक्रिया’ आणि त्याखाली ‘२. पेरणी’ लिहिलं तर यादी होत नाही, दोन्ही ओळी एका परिच्छेदात चिकटतात. मूळ फाइलीत सगळं जागच्या जागी दिसतं, म्हणूनच हे सुटून जातं. मराठी अंक ठेवायचे तर प्रत्येक मुद्द्यानंतर एक ओळ रिकामी सोडा. मला हाच मार्ग बरा वाटतो.

प्रत्ययांचा घोळ तर आपल्याच भाषेचा. `**तूर**ला` नीट ठळक होतं. `__तूर__ला` होत नाही, कारण अंडरस्कोरला लागूनच अक्षर आलं. `**"पीकेव्ही तारा"**ची` (हे तुरीचं वाण) यातही चांदण्या तशाच छापल्या जातात: बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी अवतरण आणि पुढे अक्षर आलं, की त्या बंद होतच नाहीत. अवतरणं बाहेर घ्या, `"**पीकेव्ही तारा**"ची`, की काम झालं. तिरकं अक्षर मराठीत टाळावंच. बहुतेक देवनागरी फॉन्टांत ते वेगळं घडवलेलं नसतं, ब्राउझर उभं अक्षरच वाकवतो.

व्हीएस कोड या संपादनाच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की प्रीव्ह्यू, म्हणजे तयार पानाची झलक, उघडतो. मजकुराशेजारी हवा असेल तर कंट्रोल-के आणि मग व्ही. नेटवर्क गेलं तरी तो चालतो, फक्त नेटवरचे फोटो दिसत नाहीत. पण त्याच्यावरच विसंबू नका. नुसत्या एंटरने काही ठिकाणी ओळ तुटते, काही ठिकाणी जुळते. ओळ तोडायचीच असेल तर शेवटी दोन स्पेस किंवा \ द्या. परिच्छेदाची सुरुवात चार स्पेस आत घेतली तर तो कोड समजला जातो आणि मोबाइलवर ओळ आडवी पळत राहते.

बाजारभावाच्या तक्त्याआधी रिकामी ओळ आणि मथळ्याखाली `|---|---|` हवीच. मराठी कीबोर्डवरचा दंड ‘।’ उभ्या रेघेसारखा दिसतो, पण तक्ता बनवत नाही. पान ब्राउझरमध्ये उघडा, तिथे एफ१२ आणि मग कंट्रोल-शिफ्ट-एम दाबून ३६० पिक्सेल रुंदीत तक्ता पाहा. तीनपेक्षा जास्त रकाने तिथे मावणं कठीण.

फोटोंची चूक मात्र प्रीव्ह्यूतही सापडत नाही. फाइलीच्या नावात इंग्रजी अक्षर मोठं की लहान, याचा विंडोजला फरक पडत नाही. लिनक्स सर्व्हरला पडतो. म्हणून नावं लहान अक्षरांत, मध्ये स्पेस न ठेवता द्या आणि मजकुरातल्या प्रत्येक दुव्याशी डोळ्यांनी जुळवून पाहा.